आजीच्या पाककृतींच्या वहीतली पुसट अक्षरं कशी वाचावीत?

आजीची पाककृतींची वही सापडलीय. आम्ही भावंडं आजीभोवती गोल बसून जे खायचो, त्याची मापं फक्त या वहीतच आहेत. आजी आता नाही, आईला प्रमाणं आठवत नाहीत.

शाईची पानं ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून निळा चॅनल (चित्रातला फक्त निळ्या रंगाचा भाग) वेगळा काढला, तपकिरी पडलेली अक्षरं छान उठली. अडलंय ते शिसपेन्सिलीच्या पानांवरच्या तेलकट डागांपाशी, आणि नेमकी मापं तिथेच! अंधारात टॉर्च बाजूने आडवी धरली, थोडं दिसलं. मागून उजेड टाकला तर पाठची अक्षरं मिसळतात. कागद ठिसूळ आहे, त्यामुळे रसायन किंवा लॅमिनेशन नको.

पानाला धक्का न लावता डागाखालची पेन्सिल कुणी वाचलीय का? कशी?