पानिपतची मोहीम दुरून खेळताना खेळाडूंचा उत्साह कसा टिकवावा?

रणपट यांचा प्रश्न

आमचा गट १७६० सालची मराठ्यांची उत्तरेतील मोहीम पटावरील युद्धखेळाच्या रूपाने ऑनलाइन खेळत आहे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, अब्दाली, त्याच्या बाजूचे नजीबखान व शुजाउद्दौला, भरतपूरचे सूरजमल जाट आणि मराठ्यांचे उत्तरेतील सरदार गोविंदपंत बुंदेले अशा भूमिका वाटून दिल्या असून पंचाचे काम माझ्याकडे आहे. खेळाडू पुणे, नाशिक, लंडन आणि न्यू जर्सी येथे राहतात. नकाशा सर्वांना ऑनलाइन दिसतो, हुकूम दर आठवड्याला लेखी येतात, आणि मोठी लढाई जुंपली की मी घरच्या टेबलावर लघुमूर्ती मांडून ती कॅमेऱ्यातून दाखवतो.

पटदुराहून कूच झाल्यापासून दिल्ली हाती येईपर्यंत सर्वांचा उत्साह दांडगा होता. कुंजपुऱ्याचा किल्ला पडल्यानंतर मात्र दोन्ही सैन्ये पानिपतजवळ एकमेकांसमोर अडकली आणि तेव्हापासून सूरजमल व गोविंदपंत यांचे हुकूम येणे जवळजवळ थांबले आहे. आपल्याला करण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांतील एकाने स्पष्टच कळवले. मोहीम अर्ध्यावर सोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. अशा वेळी पंचाने नेमके काय करावे?

हरकारा यांचे उत्तर

आपल्या खेळाडूंचा रस संपला आहे असे मला वाटत नाही. त्यांच्या हाती निर्णय उरलेला नाही, आणि ही अडचण वारंवार आठवण करून दिल्याने सुटणारी नाही. नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन्ही छावण्या समोरासमोर होत्या. एका फेरीत एक आठवडा या हिशेबाने हा काळ खेळायला घेतला, तर दहा फेऱ्या केवळ उपासमार मोजण्यात जातील. म्हणून फेरीची लांबी ठरावीक ठेवू नये. जेथे काही घडत नाही तेथे पंधरवडा एका फेरीत उरकावा, आणि जेव्हा नदी ओलांडायची असेल, रसदेवर छापा घालायचा असेल किंवा छावणी उठवायची असेल, तेव्हा एकेका दिवसाची फेरी घ्यावी.

या मोहिमेत दाणावैरणीचे महत्त्व तोफांहून कमी नव्हते. तो भाग आपल्या नियमांत एखाद्या कोष्टकापुरताच असेल, तर बाजूच्या भूमिका रिकाम्या वाटणारच. गोविंदपंतांची भूमिका मला सर्वांत चुरशीची वाटते, कारण अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, फिरून अब्दालीची रसद तोडणे, वसूल गोळा करून भाऊंकडे पैसा पोहोचवणे आणि स्वतः शत्रूच्या हाती न सापडणे ही तिन्ही कामे त्यांना तुटपुंज्या फौजेनिशी करायची आहेत. दर फेरीत यांतील एकच काम नीट होईल असा नियम करा, म्हणजे त्या खेळाडूला प्रत्येक वेळी काहीतरी सोडून द्यावे लागेल. सूरजमल तटस्थ राहिले तरी डीग, कुंभेर आणि भरतपूर हे किल्ले त्यांच्याकडेच आहेत, तेव्हा दोन्ही पक्षांना त्यांची मनधरणी करण्याचे सबळ कारण मिळाले पाहिजे.

गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. खेळातही तसे घडले, तर त्या खेळाडूला त्याच फेरीत नवी भूमिका द्यावी. दिल्ली सांभाळणारे नारोशंकर आहेत, दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे आहेत. हरलेल्या माणसाला प्रेक्षक म्हणून बसवून ठेवले की तो परत येत नाही.

तोफखाना यांचे उत्तर

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी वेळेचा प्रश्न त्याहून आधी सोडवावा असे मला वाटते. न्यू जर्सीत रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे दोन आणि आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, तर हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. लढाईसाठी हीच एक वेळ कायमची धरावी. बाकी सर्व व्यवहार लेखी असू द्यावा. ‘डिप्लोमसी’ या १९५९ सालच्या खेळात ज्या फौजेला हुकूम मिळत नाही ती जागेवरच थांबते, आणि कोणाच्या गैरहजेरीमुळे खेळ अडत नाही. आपण त्यापुढे एक पाऊल जाऊन हुकूम न आल्यास लागू होईल असा एक कायमचा हुकूम प्रत्येकाकडून आधीच लिहून घ्यावा.

जरीपटका यांचे उत्तर

माझ्या मते मूळ दुखणे वेगळेच आहे. नकाशा सर्वांना दिसतो, हे आपण सहज लिहून गेलात. लेफ्टनंट राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यापुढे जो युद्धखेळ मांडला, त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला लेखी देत आणि पंच त्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच दाखवी. दुरून खेळणाऱ्यांना ही व्यवस्था आयतीच लाभते, कारण ते मुळातच वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात. अब्दाली यमुना ओलांडून आला हे आणि पानिपतचा शेवट प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे सर्व सोंगट्या उघड्या असतील तर भाऊंचा खेळाडू यमुनेचे सगळे उतार आधीच रोखून ठेवील आणि खेळाची रंगतच जाईल.

त्याऐवजी भाऊंना असा खलिता पाठवून पाहावा : “बागपताकडे रात्री मशाली दिसल्या. पलीकडून आलेला गुराखी म्हणतो, पाणी घोड्याच्या छातीला लागते. माणसे किती, ते त्याला सांगता येत नाही.” याच घटनेची दुसरी, थोडी वेगळी बातमी सूरजमलला द्यावी. ती कोणाला सांगायची, किती सांगायची आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्याने ठरवावे. ज्याच्याकडे फौज थोडी आहे त्याच्या हाती बातमी असली की सगळे त्याला विचारत येतात.

रणपट

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. बातमीची कल्पना मला फार पटली. परंतु प्रत्येकाला दर फेरीत स्वतंत्र खलिता लिहायचा म्हणजे पंचावरील भार बराच वाढेल, आणि पंचच थकला तर मोहीम तेथेच संपेल. यावर काही उपाय आहे का?

जरीपटका

खलिता तीन ओळींहून मोठा असू नये, आणि ज्या खेळाडूच्या परिसरात काही घडलेले नाही त्याला फक्त बाजारभाव कळवावा. छावणीत धान्य किती महागले ही बातमी एका ओळीत मावते, आणि पानिपतावर तीच भाऊंच्या खेळाडूला सर्वांत जास्त अस्वस्थ करील. किरकोळ चकमकी टेबलावर मांडू नयेत, एका फाशावर निकाली काढाव्यात. शिवाय बाद झालेल्या एखाद्या खेळाडूला नवी भूमिका नको असेल, तर त्याला सहपंच नेमून नजीबखान आणि शुजाउद्दौला यांचा पत्रव्यवहार त्याच्याकडे सोपवावा.