मदत हवी आहे : लाईट गेली की आईचा फोन बंद

नमस्कार मंडळी. मी दुबईत असतो, आई चिपळूणला एकटी, वय ७८. इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. परवाना नसलेल्या इंटरनेट कॉलिंगला यूएईत मनाई आहे. बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप चालतात, पण आईला स्मार्टफोन जमत नाही. ती माजघरातल्या फोनवरच बोलते, शेजारी खुर्ची टाकून.

तो फोन आधी तांब्याच्या तारेवर होता. एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे लाईट गेली तरी रिंग वाजायची. आता फायबर आलंय. लाईट गेली की भिंतीवरच्या डब्याचे हिरवे दिवे विझतात आणि फोन मुका होतो. परवाच्या पावसात अख्खी रात्र तसंच. मी सारखा फोन लावत होतो, जिवाला नुसता घोर.

त्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस कोणी लावलाय का? फोन खरोखर किती तास टिकतो? की गल्लीतलं कंपनीचं यंत्रच बंद पडतं, मग यूपीएसचा उपयोग काय? आणि इथून थेट लँडलाईनला कायदेशीर, परवडेल असा फोन कसा लावता? स्वतः वापरून पाहिलेलं सांगा, प्लीज. पुढच्या महिन्यात गावी येतोय, तेव्हा बसवून टाकीन.