ट्रॅक्टरमागे जोडायचा लॉन स्वीपर ताजे कापलेले गवत उचलत नाही

प्रश्न

सुमारे पाऊण एकर हिरवळीवरचे कापलेले गवत गोळा करण्यासाठी मी यंदा छोट्या ट्रॅक्टरमागे जोडायचा लॉन स्वीपर घेतला आहे. वाळलेली पाने तो झटकन उचलतो. मात्र गवत कापून लगेच फिरवला, की निम्मे गवत पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीवरच राहते आणि उरलेल्याचा लगदा होऊन ब्रशांमागच्या पत्र्याला चिकटतो. ब्रश अगदी मातीला टेकवून पाहिले, तर चाके फिरण्याऐवजी घसरू लागली. दोष यंत्रात आहे की माझ्या पद्धतीत?

प्रतिसाद १

ब्रश खाली घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, परंतु त्यानेच काम बिघडते. या यंत्राला मोटार नसते. त्याची चाके गिअरच्या साहाय्याने ब्रशांना स्वतःपेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरवतात आणि त्या वेगामुळेच गवत मागच्या पिशवीत फेकले जाते. ब्रश मातीला घासू लागले, की त्यांना फिरवण्यास लागणारा जोर चाकांच्या पकडीला पेलत नाही, चाके घसरतात आणि ब्रश मंदावतात. ब्रशांची टोके उभ्या गवताच्या शेंड्यांच्या साधारण १ ते १.५ सेंटीमीटर खाली असावीत, आणि ही उंची फरशीवर न लावता हिरवळीवरच, खाली वाकून, डोळे ब्रशांच्या पातळीला आणून लावावी.

दुसरे कारण ओलावा. ताज्या गवताच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते, त्यामुळे कापल्याबरोबर ते एकमेकांना चिकटते. मूठभर गवत घट्ट दाबून मूठ उघडावी; गोळा तसाच राहिला तर थांबावे, गवत सुटे होऊन पसरले तर स्वीपर जोडावा. उन्हाच्या दिवशी काही तासांत एवढा फरक पडतो.

प्रतिसाद २

वरील सूचनांशी मी सहमत आहे, परंतु चाकेही तपासावीत. यंत्र मागे घेताना ब्रश उलटे फिरू नयेत म्हणून चाकाच्या गिअरपाशी एकाच दिशेने पकडणारी खिट्टी असते. चाक जमिनीपासून उचलून हाताने पुढे फिरवले असता ब्रश फिरले पाहिजेत, मागे फिरवले असता फक्त टकटक आवाज आला पाहिजे. एखाद्या बाजूला तसे होत नसेल, तर सगळा भार एकाच चाकावर येत आहे असे समजावे. ट्रॅक्टरचा वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीइतका ठेवावा. पिशवी काठोकाठ भरू देऊ नये, कारण भरलेल्या पिशवीला लागून गवत पुन्हा ब्रशांवर पडते, शिवाय उतारावर ते वजन ट्रॅक्टरला मागून ढकलते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उजवे चाक पुढे फिरवले तरी ब्रश हलत नव्हते. चाक काढले तेव्हा जुन्या वंगणात गवताचे तंतू मिसळून झालेला काळा, घट्ट थर दिसला आणि त्यात खिट्टी रुतून बसली होती. ती रॉकेलने धुऊन, कोरडी करून बसवली. काल सकाळी गवत कापले, दुपारी चार वाजता स्वीपर फिरवला. पहिल्या फेरीत बहुतेक गवत उचलले गेले आणि उरलेले आडव्या दिशेने मारलेल्या दुसऱ्या फेरीत आले. आता अडचण ढिगाची आहे: तो एका दिवसात आतून तापतो आणि त्याला आंबूस वास येतो.

प्रतिसाद ३

नुसत्या गवताचा ढीग दबून बसतो, आत हवा जात नाही आणि त्यामुळे वास सुटतो. गवतात नत्र भरपूर असते, म्हणून त्याच्या दुप्पट आकारमानाची सुकी पाने मिसळावीत आणि ढीग अधूनमधून वरखाली करावा. चांगले कंपोस्ट होते. हिरवळीवर तणनाशक मारले असेल, तर ते गवत भाजीच्या वाफ्यात मुळीच घालू नये.

एक विनंती आहे. प्रत्येक वेळी गवत उचलण्याचा आग्रह धरू नये. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक न कापल्यास आखूड तुकडे गवतात खाली उतरून कुजतात आणि त्यांतील नत्र मुळांना परत मिळते. कापणी लांबून गवत वाढले असेल, त्याला तुरे आले असतील किंवा कापलेल्या गवताच्या राशी खालच्या हिरवळीला झाकत असतील, तेव्हा मात्र स्वीपर जरूर फिरवावा.