पायचे वीस अंक लिहिले, तरी उरतात किती?

अनेकांना वाटतं की प्रोग्राममध्ये पायची किंमत एकदाच वीस अंकांपर्यंत लिहून ठेवली की फ्लोट, डबल, लाँग डबल (दशांश संख्या साठवायचे कमी ते जास्त अचूकतेचे प्रकार) सगळ्यांचं काम भागतं. सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषांमध्ये ते तसं होत नाही. दशांश चिन्हाच्या आकड्याच्या शेवटी 'एल' (लाँग डबलसाठी) किंवा 'एफ' (फ्लोटसाठी) हे अक्षर नसेल तर कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तो डबलच धरतो. म्हणजे तुमचे वीस अंक आधी ५३ बिटांत कोंबले जातात आणि मग लाँग डबलमध्ये भरले जातात. त्यात गळालेले अंक परत येत नाहीत! इंटेलच्या ८० बिटी लाँग डबलमध्ये अंकांसाठी ६४ बिट असतात. त्यातले शेवटचे अकरा असे फुकट जातात.

फ्लोटची गंमत वेगळी. त्यात २४ बिट, त्यामुळे पाय ३.१४१५९२७४१... होतो, खऱ्यापेक्षा जास्त. डबलमधला मात्र किंचित कमी पडतो. म्हणून डबलमध्ये पायचं साइन (त्रिकोणमितीतलं फंक्शन) शून्य न येता सुमारे १.२२ गुणिले १० चा उणे सोळावा घात येतो, तर फ्लोटमध्ये उत्तर चक्क ऋण. ही साइनची चूक नव्हे, ते फंक्शन बिचारं तुमच्या पायमधली त्रुटीच प्रामाणिकपणे दाखवतंय.

फ्लोटमधला पाय आणि डबलमधला पाय 'समान आहेत का' असं तपासलं तर उत्तर 'नाही' येतं, यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

सी प्लस प्लस २० (भाषेची २०२० ची आवृत्ती) पासून प्रत्येक प्रकारासाठी पायची स्वतंत्र किंमत देणारा टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, मिळतो. तोच वापरा.