मदत हवी आहे: जेल मुरवल्यावर झिओलाइट ‘ए’मध्ये सोडालाइट का येतो?

सोडियम स्वरूपातील झिओलाइट ‘ए’ (सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजनच्या सांगाड्याचा सच्छिद्र स्फटिक) तयार करताना एका विसंगतीपाशी अडकलो आहे. सोडियम ॲल्युमिनेट आणि सोडियम सिलिकेट यांच्या अल्कधर्मी द्रावणांपासून मी जेल बनवतो. त्यात १ मोल ॲल्युमिनामागे ३.१६५ मोल सोडियम ऑक्साइड, १.९२६ मोल सिलिका आणि १२८ मोल पाणी असते. हे जेल पॉलिप्रोपिलीनच्या बंद बाटलीत, ९९ अंश सेल्सिअसला, न ढवळता तापवतो.

पहिल्या खेपेस जेल लगेच ओव्हनमध्ये ठेवले आणि ४ तासांनी काढले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २ ते ३ मायक्रॉनचे घन दिसले आणि क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकाचा प्रकार ओळखण्याच्या चाचणीत) केवळ ‘ए’च्या रेषा आल्या. मला याहून लहान स्फटिक हवे होते. जेल सामान्य तापमानाला मुरू दिल्यास स्फटिककेंद्रे वाढतात आणि तोच कच्चा माल अधिक केंद्रांत वाटला गेल्याने प्रत्येक स्फटिक लहान राहतो, या तर्काने दुसऱ्या खेपेस ते २ दिवस मुरवले. स्फटिकता पक्की व्हावी म्हणून तापवण्याचा काळही १६ तास केला. घन १ मायक्रॉनहून लहान आले खरे, पण त्यांना लोकरीच्या गुंड्यांसारखे गोळे चिकटलेले होते आणि १४.१ व २४.५ अंशांजवळ सोडालाइटच्या, म्हणजे त्याच घटकांपासून बनणाऱ्या पण नको असलेल्या दुसऱ्या स्फटिकाच्या, रेषा उमटल्या (तांब्याचे क्ष-किरण). दोष वेळेचा असावा असे वाटून तिसरी खेप न मुरवता १६ तास तापवली, तर त्याच रेषा जेमतेम दिसण्याइतक्या क्षीण निघाल्या. मग मुरवण्यामुळेच सोडालाइट येतो असे समजावे का, की सोडियम हायड्रॉक्साइड कमी करून पाहावे?

प्रतिसाद

मुरवण्याला दोष देण्याची घाई करू नये. झिओलाइट ‘ए’ हा त्या द्रावणातला अंतिम मुक्काम नाही. तो अर्धस्थिर आहे, लवकर जमतो आणि गरम अल्कधर्मी द्रावणात तसाच राहू दिला तर विरघळून अधिक घट्ट बांधणीच्या सोडालाइटला जागा देतो. मुरवल्यामुळे केंद्रे आधीच तयार असतात, त्यामुळे तुमचा ‘ए’ ४ तासांच्याही आत पूर्ण झाला असणार आणि उरलेला सगळा वेळ त्याच्या रूपांतराला मिळाला. शिवाय लहान स्फटिक लवकर विरघळतात. तिसऱ्या खेपेत हेच रूपांतर उशिरा सुरू झाले, एवढाच फरक.

सोडियम हायड्रॉक्साइड कमी केल्यास रूपांतर मंदावेल, पण केंद्रेही घटतील आणि स्फटिक मोठे होतील, म्हणजे तुमचा मूळ हेतूच बाजूला पडेल. त्यापेक्षा मुरवलेले एकच जेल सहा लहान बाटल्यांत वाटून १, २, ३, ४, ६ आणि १० तासांनी एकेक बाटली काढावी, थंड पाण्यात बुडवून लगेच गाळावी आणि धुवावी. अजून स्फटिक न झालेल्या जेलचा रुंद फुगवटा विवर्तनाच्या आलेखात ज्या वेळेला नाहीसा होतो, तेथे थांबावे. प्रत्येक बाटलीचे वजन तापवण्यापूर्वी व नंतर अवश्य करावे, कारण सैल झाकणातून पाणी उडाले तर क्षारता आपोआप वाढते आणि सोडालाइटला आयतेच निमंत्रण मिळते.

सिलिकॉन व ॲल्युमिनियमचे गुणोत्तर मोजून मात्र हा भेद कळणार नाही, कारण ते दोन्हींत १च्या आसपास असते. दोघांची मूळ पिंजऱ्यासारखी घडणही एकच आहे. ‘ए’मध्ये हे पिंजरे दुहेरी चौकटींनी जोडलेले असल्याने मध्ये मोठी पोकळी राहते, सोडालाइटमध्ये ते थेट एकमेकांना भिडलेले असतात.

मूळ प्रश्नकर्ता

बाटलीचे वजन एकदाही केले नव्हते, आणि दुसऱ्या खेपेचे झाकण सैल असल्याचे आता आठवते. हीच पद्धत पुढे झिओलाइटच्या ‘वाय’ प्रकारासाठी चालेल का?

प्रतिसाद

तेथे मुरवणे टाळूच नये. न मुरवलेल्या किंवा तापवताना ढवळलेल्या जेलमध्ये झिओलाइटचा ‘पी’ हा नको असलेला प्रकार सहज शिरतो. वेळेची मालिका मात्र तेथेही घ्यावी.