इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकानं बंद होताहेत, त्या काउंटरवरची कामं आता कशी करता? (गोवा)

मांडवीकाठ

चवथ जवळ आली की माळ्यावरून मखराच्या माळा खाली येतात आणि निम्म्या पेटत नाहीत. यंदा म्हापशाच्या बाजारात सुट्या भागांचं आणखी एक शटर ओढलेलं दिसलं आणि तो काउंटर डोळ्यांसमोर आला. काचेखाली खण, खणांत रेझिस्टर, आणि भिंतीला लाकडी फळी. फळीवर होल्डर, होल्डरात पिवळा बल्ब, बाजूला दोन पिनांचं सॉकेट. अडॅप्टर असो की रेडिओ, आधी त्या फळीवर लागायचा, मग पैसे.

हा सिरीज बोर्ड आता घरी करून ठेवावा लागणार. सॉकेटकडे जाणारी फेजची वायर मध्ये तोडायची आणि त्या दोन टोकांत ६० किंवा १०० वॅटचा काचेचा जुना बल्ब जोडायचा. एलईडी बल्ब चालत नाही, त्याला तारेसारखा रोध नसतो. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा याच सॉकेटवर चालू करायची. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटलाच नाही तर फ्यूज किंवा वायर तुटलेली. शॉर्ट असला तरी बल्ब करंट अडवतो, म्हणून काही जळत नाही.

दुकानात काय व्हायचं आणि आता त्याला पर्याय काय, ते लिहा. आठवणी लिहाच, पण आकड्यांसकट.

सुरंगी

पंख्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी! अडीचचा. पंखा हळू फिरतो म्हणून लोक नवा पंखा आणतात. साध्या छताच्या पंख्याला २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी लागतो. दोन-तीन वर्षांत तो २ च्या खाली येतो आणि वेग पडतो. मीटरवर कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर मोजा, पण आधी पंख्याचा स्विच नव्हे तर मेन बंद करा आणि दोन्ही टोकं रेझिस्टरने डिस्चार्ज करा. ३.१५ चा सहज मिळतो म्हणून २.५ च्या पंख्याला लावू नका, वाइंडिंग तापतं. काउंटरवरचा माणूस जुना हातात घेऊन छापलेला आकडा वाचायचा, म्हणून ही चूक व्हायची नाही. ऑनलाइन ‘फॅन कपॅसिटर’ टाकलं की सगळ्या आकड्यांचे एका रांगेत येतात.

कुकर लागलाय, येते परत.

बाजारकर

दुकानं का बंद झाली त्यावर दोन शब्द. ऑनलाइन हे एक कारण झालं. मोठं कारण माल बदलला. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत बीयू ५०८ए हा एकच ट्रान्झिस्टर कितीतरी कंपन्यांच्या सेटांत चालायचा. ७८०५, १एन४००७, बीसी५४७, एलए४४४० एवढे ठरलेले भाग खणात असले की डिचोलीपासून काणकोणपर्यंतचा मेकॅनिक रिकाम्या हाती जात नसे. ई-१२ या ठरलेल्या मालिकेतले रेझिस्टर म्हणजे दहापटीच्या दर टप्प्यात रोधाचे बाराच आकडे, सात टप्प्यांचे ८४ खण, संपलं.

आता प्रत्येक पॅनेलचा बोर्ड वेगळा, भाग पृष्ठभागावर चिकटवलेले, दाण्याएवढे. ते रिळावर हजारांनी मिळतात, गिऱ्हाइकाला हवेत दोन. दोन रुपयांच्या वस्तूवर पंधरा मिनिटं समजावायचं आणि जागेचं भाडं मात्र मोबाइलच्या दुकानाएवढं. नवे सेट विकणाऱ्यांचं वेगळंच दुखणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, पण तो सगळ्यांनाच सारखा. बँकेची सवलत आणि बिनव्याजी हप्ता लहान दुकानदार कुठून देणार?

कुळागर

एलईडी टीव्हीचं लिहितो, कारण सगळ्यात जास्त सेट यातच भंगारात जातात. आवाज आहे, चित्र नाही. अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, मागच्या दिव्यांची पट्टी गेली. पट्टीतले एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक उघडा पडला की सगळे विझतात.

पट्टी मागवताना टीव्हीचं मॉडेल सांगून फसगत होते. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची पॅनेलं येतात. पट्टीवर छापलेला नंबर वाचा, एलईडी मोजा, पहिल्या आणि शेवटच्या भिंगातलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. एलईडी ३ व्होल्टचे की ६ चे ते बघा. दुकानात जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवली की हे सगळं एका नजरेत व्हायचं.

बदलताना सगळ्या पट्ट्या बदला. एकच बदलली तर पडद्यावर पांढरा डाग आणि सहा महिन्यांत दुसरी जाते. पॅनेलची काच उचलायला दोन माणसं, खाली चादर. बसवून झालं की सेटिंगमध्ये बॅकलाइट ६० ते ७० वर आणा. कारखान्यातून तो १०० वर येतो, पट्ट्या त्यानेच तापून मरतात.

झरी

कुळागरबाब, उत्तम. एक जोडते: मागचं झाकण काढल्यावर पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नये. त्यात सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात, प्लग काढल्यावरही. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर त्याच्या पायांवर पाच सेकंद धरा, मग मीटरने शून्य झालं का बघा.

चिरेबंदी

राउटरच्या अडॅप्टरचं कुणी लिहिलं नाही. १२ व्होल्ट लिहिलेला कुठलाही आणून लावतात आणि मग इंटरनेट दर तासाला बंद. पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी सारखाच असतो, आतलं भोक २.१ किंवा २.५. राउटरची कांडी २.१ ची आणि पिनेचं भोक २.५ चं असेल तर पिन आत जाते, पण सैल बसते, धक्का लागला की राउटर नव्याने सुरू. उलट असेल तर जातच नाही. दुकानात लावून बघता यायचं.

पावसाळ्यात अडॅप्टर गेला तर आउटपुटचा कपॅसिटर बघा, डोकं फुगलेलं असतं. मूळ १६ व्होल्टचा असेल तर २५ चा, १०५ अंशांचा घाला. ८५ अंशांवाला त्या बंद डबीत टिकत नाही.

सुरंगी

आले परत. चिरेबंदीदादा, तुमच्याकडे चिऱ्यांच्या जमिनीत अर्थिंग कसं ठेवता? एप्रिल-मेमध्ये फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात.

चिरेबंदी

ताई, जांभा उन्हाळ्यात सुकतो आणि रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी पाणी हवंच, मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या. मीटर लावा: फेज ते न्यूट्रल जेवढे व्होल्ट, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. पाच-सहाच्या वर दिसलं तर खड्डा तपासा. पण झिणझिण्या येताहेत तर आधी फ्रिजची तीन पिनांची वायर कुणी दोन पिनांत कोंबलीय का ते बघा. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपचा बसवाच, अर्थिंग चांगलं असलं तरी.

माटोळी

विषय थोडा सोडून. एसीच्या बाहेरच्या युनिटात मुंग्या आणि पाली! समुद्राजवळ खारा वारा, वर या. बोर्ड दरवर्षी जातो. उपाय आहे का कुणाकडे?

झरी

आहे. बोर्ड काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा. थिनर नको, कनेक्टरचं प्लास्टिक विरघळतं. उन्हात पूर्ण वाळू द्या. कनेक्टर आणि रिले टेपने झाका आणि कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे बोर्डाला ओलीपासून जपणाऱ्या लेपाचा, स्प्रे दोन पातळ थरांत मारा. एकच जाड थर मारला तर खाली ओल अडकते आणि तांबं हिरवं पडतं. वायरी आत जातात ती भोकं सिलिकॉनने बुजवा. हवा जाणाऱ्या जाळ्या मात्र बुजवू नका.

रातांबा

पोर्तुगीज अमदानीतला व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांनी तो थेट प्लगला लावू नये, हात जोडून सांगतो. साठ-सत्तर वर्षांत कागदी कपॅसिटर गळके होतात आणि व्हॉल्व्ह नाहीतर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. मागे व्होल्टेज निवडायची चकती असते, ती २२० किंवा २४० वर आहे का आधी बघा. आखातातून आणि तारवटींनी, म्हणजे बोटीवरच्या खलाशांनी, आणलेल्या टू-इन-वनचंही तेच, कित्येक ११० वरच असतात. मग वर लिहिलेला सिरीज बोर्ड.

कॅसेटचा बेल्ट डांबर झालेला असेल तर अल्कोहोलने पुली पुसा. नवा मागवायचा तर पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि पाचेक टक्के कमी सांगा. जुना बेल्ट मोजू नका, तो ताणलेला असतो.

बाजारकर

माल कुठे मिळतो हे विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. रविवारी जाऊ नका, बंद मिळेल. जाणाऱ्याच्या हाती यादी देताना भागावरचा पूर्ण नंबर लिहा आणि त्याचा फोटो पाठवा, ‘जाड काळा’ म्हणून काही मिळत नाही.

ऑनलाइन घेताय तर १८६५० हे रिचार्ज होणारे लिथियम सेल वजनकाट्यावर ठेवा. चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो आणि क्षमता फार तर ३५०० मिलिअँपअवरच्या आसपास असते. ९९०० छापलेला आणि ३० ग्रॅमचा आला तर परत करा.

माटोळी

धन्यवाद झरीताई. आता दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचा प्रश्न, मुलं विचारताहेत. हात हलवायला वायपरची मोटर चालेल? मागे दुकानवाले जोडून द्यायचे.

कुळागर

चालेल, तीच वापरतात. मोटर उलट-सुलट फिरवायच्या फंदात पडू नका. तिची क्रँक ठेवा आणि दांड्याने हात जोडा, मोटर एकाच दिशेला फिरते, हात वर-खाली होतो. १२ व्होल्टला चालताना ३ ते ५ अँपिअर घेते, पण सुरुवातीला आणि अडकली की १५ च्या वर जाते. म्हणून १० अँपिअरचा पुरवठा लावला की तो बंद पडतो. २० चा घ्या किंवा गाडीची बॅटरी, आणि वायरीत १५ अँपिअरचा फ्यूज. जुन्या मोटरींचं ऋण टोक बॉडीलाच असतं, लोखंडी सांगाड्यावर कसताना मध्ये रबर घाला.

एलईडी पट्टीचाही हिशेब करा. ५०५० आकाराच्या एलईडीची, १२ व्होल्टची, मीटरला ६० दिव्यांची, १४.४ वॅट प्रतिमीटर. पाच मीटरला ६ अँपिअर. एकाच टोकाने दिलं तर शेपूट मंद पडतं, दोन्ही टोकांना वायर न्या.

सुरंगी

सिरीज बोर्डासाठी १०० वॅटचा पिवळा बल्ब कुठे बघितलाय का कुणी? ४० चेच मिळताहेत.

मांडवीकाठ

४० चे दोन समांतर जोडा, ८० झाले. रेडिओ, अडॅप्टर, माळा यांना पुरेत. मोठ्या टीव्हीला कमी पडतील, तो सुरू होऊन बंद, सुरू होऊन बंद करत राहील आणि बिघाड नसताना बिघाड वाटेल. त्याला तिसरा होल्डर जोडून १२० करा. होल्डर चिनी मातीचे घ्या, प्लास्टिकचे वितळतात.