वनहक्क दावा फेटाळला आहे, दाद कोठे मागावी?

डोंगरवाट: वडिलांचा वनहक्क दावा (कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्कासाठी वनहक्क कायद्याखाली केलेला अर्ज) 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून फेटाळण्यात आला आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात 13 डिसेंबर 2005 पूर्वीची लागवड दिसत नाही, एवढेच तोंडी सांगण्यात आले. आजोबांपासून आम्ही ही जमीन कसत आहोत आणि पेरणी तोंडावर आली आहे. कृपया लवकर सांगावे.

नोंदवही: दावा ग्रामसभेने फेटाळला, उपविभागीय समितीने की जिल्हा समितीने? लेखी आदेश केव्हा मिळाला? आपण अनुसूचित जमातीचे आहात का? इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीचे नसलेल्यांना, 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणून हे विचारतो.

रानवाटा: एकेकट्याच्या दाव्यामागे धावण्यापेक्षा गावाने सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरील साऱ्या गावाचा एकत्रित हक्क, मिळवावा, असे माझे ठाम मत आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये तो मिळवला आणि पुढे बांबूचा कारभार ग्रामसभेच्या हाती आला.

नोंदवही: मेंढ्याचे काम मोठेच आहे, परंतु त्याने यांच्या वडिलांच्या कसणुकीचा प्रश्न सुटत नाही. दोन्ही दावे स्वतंत्र आहेत.

साकव: पट्टा (हक्काचा दाखला) मिळाला तरी जमीन विकता येत नाही, ती केवळ वारसांकडे जाते, आणि पट्ट्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे लागतात.

डोंगरवाट: विकण्याचा विचारही नाही. आम्ही ठाकर, म्हणजे अनुसूचित जमातीचे आहोत. ग्रामसभेने दावा मंजूर केला होता, उपविभागीय समितीने फेटाळला. हाती कागद काहीच नाही.

नोंदवही: मग तुमची बाजू भक्कम आहे. फेटाळण्याची कारणे दावेदाराला कळवणे समितीवर बंधनकारक असल्याने आधी लेखी अर्ज देऊन आदेशाची प्रत मागा, अर्जाची पोच घ्या, आणि 60 दिवसांच्या मुदतीत जिल्हा समितीकडे अपील करा. 2012 च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहाचे छायाचित्र हा केवळ पूरक पुरावा आहे. जुने बांध, वन खात्याच्या दंडाच्या पावत्या आणि गावातील वृद्धांचे लेखी जबाब यांची जागा ते घेऊ शकत नाही. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे तुम्हाला जमिनीवरून हटवता येत नाही.

डोंगरवाट: वृद्धांचे जबाब तलाठ्यासमोर घ्यावेत का?

नोंदवही: तशी अट नाही. जबाब देणारी व्यक्ती स्वतः दावेदार नसावी, एवढे पाहा. गावाच्या वनहक्क समितीसमोर ते लिहून घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावासह अपिलाला जोडा.